समलैंगिकता, चर्च आणि रशियन राज्यसत्ता

रशियात समलिंगी संबंधांना राज्याची शिक्षा प्रथम आली ती लष्करात. १७१६ साली झार पीटर द ग्रेटने पश्चिम युरोपातल्या सैन्यांच्या धर्तीवर लष्करी नियमावली लागू केली आणि तिच्यात सैनिकांमधल्या अशा संबंधांना शिक्षा नेमून दिली. त्याआधी हा विषय चर्चच्या अखत्यारीत होता. चर्च त्याला पाप मानत असे. प्रायश्चित्त म्हणून उपास आणि नमस्कार घालायला लावत असे. सामान्य नागरिकांपर्यंत कायदा पोहोचला तो एकोणिसाव्या शतकात, झार निकोलस पहिला याच्या कारकिर्दीत. शिक्षा सैबेरियात हद्दपारीची होती, पण अंमलबजावणी ढिली होती. १९०६ साली मिखाईल कुझमिन याची ‘पंख’ ही समलिंगी प्रेमावरची कादंबरी प्रसिद्ध झाली. टीकेची झोड उठली, तरी लेखक तुरुंगात गेला नाही.

१९१७च्या क्रांतीने झारशाहीचे कायदे मोडीत काढले. सोव्हिएत रशियाच्या १९२२च्या दंडसंहितेत समलिंगी संबंधांविषयीचे कलमच नव्हते. हा मोकळेपणा दहा-बारा वर्षे टिकला. सप्टेंबर १९३३मध्ये गुप्त पोलिसांचा उपप्रमुख गेन्रिख यागोदा याने स्टॅलिनला कळवले, की मॉस्को आणि लेनिनग्राडमध्ये छापे घालून १३० जणांना पकडले आहे. आरोप अनैतिकतेपुरता नव्हता. या मंडळींचे गट हेरगिरीचे अड्डे बनत असल्याचा संशय त्यात होता. मार्च १९३४मध्ये पुरुषांमधील संबंधांना पाच वर्षांपर्यंत कैदेचा कायदा झाला. स्त्रियांचा त्यात उल्लेख नव्हता. पुढच्या काळात त्यांच्या वाट्याला मनोरुग्णालय आले.

त्या वेळी मॉस्कोत हॅरी व्हाइट हा ब्रिटिश कम्युनिस्ट पत्रकार ‘मॉस्को डेली न्यूज’मध्ये काम करत होता. समलिंगी माणूस कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होण्यास पात्र आहे का, असा प्रश्न विचारणारे लांबलचक पत्र त्याने थेट स्टॅलिनला लिहिले आणि मार्क्सवादाच्या आधारे नव्या कायद्याला हरकत घेतली. लेखक मूर्ख आणि अधःपतित असल्याचा शेरा मारून स्टॅलिनने ते पत्र दफ्तरी दाखल केले. त्याच सुमारास लेखक मॅक्झिम गॉर्कीने समलैंगिकतेचा संबंध फॅसिझमशी जोडणारा लेख लिहिला. दोन वर्षांनी, १९३६मध्ये, गर्भपातावरही बंदी आली आणि घटस्फोट अवघड झाला. देवळे पाडणारी, धर्मगुरूंना गोळ्या घालणारी राजवटच कुटुंबव्यवस्थेची कडक राखणदार बनली होती.

१९३४च्या कायद्यापेक्षाही खोल परिणाम केला तो सोव्हिएत सक्तमजुरीच्या छावण्यांनी. सोव्हिएत तुरुंगांत कैद्यांनी आपापसात उतरंड रचलेली होती आणि तिच्या तळाशी समलिंगी ठरवलेले कैदी असत. त्यांची जागा वेगळी, ताट-चमचा वेगळा. भांडी चुकून मिसळू नयेत म्हणून त्यांना भोक पाडून ठेवत. त्यांच्या हातचे घेणे म्हणजे स्वतः त्यांच्यात जाणे. लाखो माणसे या छावण्यांतून बाहेर आली आणि तिथली भाषा, तिथले संकेत घराघरांत, बराकींत, कारखान्यांत पसरले. आजही रशियन पुरुषांच्या बोलण्यातल्या या विषयावरच्या शिव्यांचा मोठा भाग तुरुंगातून आलेला आहे.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९३ साली, बोरिस येल्त्सिन यांच्या राजवटीत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम रद्द झाले. रशियाला युरोप परिषदेत प्रवेश हवा होता, हे त्यामागचे एक कारण. त्यासाठी मोठी चळवळ झाली नव्हती, समाजात चर्चाही फारशी झाली नव्हती.

त्याच काळात धर्म परतला. प्यू संशोधन केंद्राच्या आकडेवारीनुसार स्वतःला ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती म्हणवणाऱ्या रशियन प्रौढांचे प्रमाण १९९१मध्ये ३१ टक्के होते, ते २००८मध्ये ७२ टक्के झाले. महिन्यातून एकदा तरी चर्चला जाणारे मात्र २ टक्क्यांवरून ७ टक्क्यांपर्यंतच पोहोचले. ऑर्थोडॉक्स असणे ही बहुतेकांसाठी राष्ट्रीय ओळख आहे, आचारधर्म नव्हे. चर्चने २०००मध्ये आपली सामाजिक भूमिका लेखी मांडली. तिच्यात समलैंगिकता पाप ठरवलीच, शिवाय तिचा प्रचार करणाऱ्यांना मुलांच्या शिक्षणात आणि सैन्यातल्या अधिकारपदांवर स्थान नसावे, असेही म्हटले.

सत्तेने हा धागा उचलला तो २०११-१२च्या सरकारविरोधी निदर्शनांनंतर. २००६मध्ये रियाझान प्रांतात आणि २०१२मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये झालेल्या स्थानिक कायद्यांच्या धर्तीवर जून २०१३मध्ये अल्पवयीनांसमोर समलिंगी संबंधांचा ‘प्रचार’ करण्यास देशभर बंदी आली. ड्यूमा या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात बाजूने ४३६ मते पडली, विरोधात एकही नाही. २०२०च्या घटनादुरुस्तीने विवाह म्हणजे स्त्री-पुरुषाचे मीलन असे नमूद केले. मार्च २०२२मध्ये, युक्रेनवर हल्ला सुरू झाल्यावर, रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क किरिल यांनी प्रवचनात युद्धाचा संबंध समलिंगींच्या मिरवणुका नाकारण्याशी जोडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रचारबंदी सर्व वयोगटांना लागू झाली.

नोव्हेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवली. अशा नावाची नोंदलेली संघटना अस्तित्वात नाही. बंद दाराआडच्या त्या सुनावणीत न्याय मंत्रालय होते, प्रतिवादी नव्हता. पुढच्या जानेवारीत निझ्नी नोवगोरोदमध्ये इंद्रधनुषी बेडकांचे कानातले घातल्याबद्दल एका तरुणीला पाच दिवसांची कोठडी झाली.

लोकमत या कायद्यांच्या पुढे नव्हते, मागे होते. लेवादा केंद्राच्या पाहणीत समलिंगींना समान हक्क असावेत असे २०१९मध्ये ४७ टक्के लोक म्हणत होते. २०२१मध्ये, घटनादुरुस्तीच्या प्रचारानंतर, हे प्रमाण ३३ टक्क्यांवर आले. दुसरीकडे, चर्च पाप मानते तो गर्भपात रशियात कायदेशीर आहे आणि घटस्फोटाचे प्रमाण युरोपात वरच्या क्रमांकांत मोडते. ‘पारंपरिक मूल्यां’चे ओझे सगळ्यांवर सारखे पडत नाही.

समलिंगींना शिक्षा करणारा कायदा १९३४मध्ये निरीश्वरवादी राजवटीने आणला. २०१३पासूनचे कायदे देवाधर्माचे नाव घेणाऱ्या राजवटीने आणले. बायबल दोन्ही वेळी तेच होते. रशियातल्या या वैराचा उगम शोधायचा तर देवळाआधी पोलीस ठाण्याचे आणि तुरुंगाचे दप्तर उघडावे लागते.