सावड

अलीकडे सुशिक्षितांत एक नवी हौस रूढ होत आहे. सुट्टी लागली कीं परदेशीं जावें, आणि तेथील एखाद्या खेड्याचा सांस्कृतिक वारसा राखण्याच्या कामीं विनावेतन हातभार लावावा. प्रवासाचा प्रवास आणि पुण्याचें पुण्य! मीही पन्नाशी उलटल्यावर या मोहास वश होऊन, जपानांतील शिराकावा खोऱ्यांत ओगिमाची नांवाच्या गांवीं घर शाकारावयास गेलों होतों. घरच्या मंडळींनीं माझी यथेच्छ थट्टा केली. कारण स्वतःच्या घरीं मीं आजवर एक खिळादेखील ठोकलेला नाहीं.

सुदैवानें तेथील छपरांच्या सांगाड्यास खिळा लागत नाहीं. सारे वासे दोरांनीं आणि पिळलेल्या कोवळ्या फांद्यांनीं बांधलेले असतात. छपरें जोडलेल्या हातांसारखीं उभट, म्हणून त्यांस 'गाश्शो', म्हणजे अंजलि, हें नांव. उतार साठ अंशांच्या आसपास. त्यामुळें हिवाळ्यांतील अफाट बर्फ घसरून जातें. वरच्या माळ्यांवर पूर्वीं रेशमाचे किडे पाळीत.

असें छप्पर तीस-चाळीस वर्षें टिकतें. तें बदलावयाचें तर शंभर-दोनशें माणसें हवींत, आणि एवढी मजुरी कोणा शेतकऱ्यास परवडणार? यासाठींच तेथें 'युई' नांवाची रीत पडली. आज तुम्ही माझ्या घरीं राबा, उद्यां मी तुमच्या घरीं राबेन. आपली सावड ती हीच. इर्जिकेंत यजमान जेवण घालून मोकळा होतो. सावडींत असें मोकळें होतां येत नाहीं. कोणी किती दिवस दिले, किती गवत दिलें, याची वहींत नोंद होई, आणि बापाचें देणें मुलगा फेडी. चाळीस वर्षांनीं फिरून येणारें ऋण ज्याच्या डोक्यावर आहे, त्यास गांव सोडून जाणें सोपें नसतें.

मला काम मिळालें माळ्यावर. बाहेर छपरावर बसलेला कारागीर काठीएवढी लांकडी सुई गवतांतून आंत खुपसतो. आंतल्या माणसानें दोर वाशाभोंवतीं घेऊन ती परत पाठवावयाची. दोघे एकमेकांस दिसत नाहींत, सारें हांकेवर चालतें. त्या भाषेंतील तीन शब्द मला आले, आणि तेवढे पुरले. संध्याकाळीं मी नखशिखांत काजळीनें माखलों होतों. ती काजळी जुनी. पूर्वीं खालीं चूल सतत पेटलेली असे, आणि तिच्या धुरानें गवत नि दोर टिकत. आतां तो धूर घरोघर उरला नाहीं, आणि छपराचें आयुष्यही घटलें आहे.

घरें विकावयाचीं नाहींत, भाड्यानें द्यावयाचीं नाहींत, पाडावयाचीं नाहींत, असा ठराव गांवकऱ्यांनीं 1971 सालीं केला. 1995 सालीं गांवाची जागतिक वारशांत गणना झाली. आतां खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतें, पुष्कळसें काम वेतनी कारागीर करतात, आणि उरलेल्यास आमच्यासारखे पाहुणे येतात. छप्पर राहिलें, वही मात्र मिटत चालली आहे. आणि ती मिटण्यास पाहुण्यांचा परोपकारही थोडा कारण आहे, असें मला वाटतें. फुकट मिळालेल्या मदतीचा हिशेब कोण ठेवणार?

दुपारच्या चहाच्या वेळीं ज्यांचें घर होतें त्या आजोबांनीं दुभाष्याकरवीं मला विचारलें, "तुमचें छप्पर कधीं बदलावयाचें?" मीं सांगितलें कीं, कोंकणांतील आमचें घर माझ्या लहानपणीं दर वैशाखांत शाकारलें जाई, पुढें कौलें आलीं, आणि आतां तेथें सिमेंटचा गिलावा आहे. हें ऐकून म्हातारा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग आम्ही यावयाचें कोठें?"

मला उत्तर सुचलें नाहीं. त्यानेंच विषय बदलला, आणि बर्फ पडण्यापूर्वीं, शरद ऋतूच्या अखेरीस, गवत कापावयास माणसें कमी पडतात असें सांगितलें. दोन वर्षांनीं मी त्या दिवसांत पुन्हां गेलों. या खेपेस त्यानें दुभाष्याची वाट पाहिली नाहीं. माझ्या हातीं विळा दिला, आणि डोंगराच्या उताराकडे बोट दाखविलें.