मगरिबची दुआ आणि वहीतली बाकी

कर्ज आणि काळजी यांतून सुटका मागणारी एक छोटी अरबी दुआ सकाळ-संध्याकाळ म्हणण्याची इस्लामी रीत आहे. संध्याकाळची वेळ असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर सुरू होते. पुष्कळांच्या ओठी ही दुआ मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या आसपास येते. नांदेड-लातूरकडे मगरिबची अजान डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास होते, जूनमध्ये सात वाजत येतात. नांदेडच्या इतवाऱ्यात आणि लातूरच्या गंजगोलाईत हीच वेळ गल्ला मोजण्याची, उधारीच्या वहीत आकडे चढवण्याची. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तिन्हीसांजेला त्यांवरून कुणी देणे चुकते करायला निघतो, कुणी घेणेकऱ्याला चुकवायला.

दुआ आठ गोष्टींपासून आसरा मागते, आणि त्या जोडीजोडीने येतात. पुढच्या दिवसांची चिंता आणि मागच्याचे दुःख. हतबलता आणि आळस. भ्याडपणा आणि कंजुषी. शेवटी कर्जाचा भार आणि माणसांची दडपशाही. कर्जाच्या भारासाठी वापरलेल्या अरबी शब्दात वाकण्याचा, एका अंगाला कलण्याचा अर्थ आहे. डोक्यावर पोते घेऊन मोंढ्यात चालणारा हमाल पाहिला की भाष्यकारांची गरज उरत नाही. कर्जाला लागूनच दडपशाही येते, हेही सावकारीच्या मुलखाला समजावून सांगावे लागत नाही.

अनस इब्न मालिक यांनी प्रेषित मुहंमदांच्या तोंडून ही दुआ वारंवार ऐकली, असे बुखारींच्या हदीस-संग्रहात आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात तिला एक गोष्ट जोडलेली आहे. नमाजाची वेळ नसताना मदिनेच्या मशिदीत अबू उमामा नावाचे अन्सारी एकटेच बसले होते. प्रेषितांनी विचारल्यावर कळले, काळज्या आणि कर्जे पाठ सोडत नाहीत. तेव्हा त्यांना ही दुआ शिकवली गेली. काही जाणकार या कथेच्या परंपरेला कच्ची मानतात; पण लोकांच्या मनात दुआ टिकली ती बहुधा याच माणसामुळे. अवेळी मशिदीत बसलेला माणूस गावोगाव ओळखीचा असतो.

प्रेषित कर्जापासून इतका आसरा का मागतात, असे एकदा विचारले गेले. कर्जात पडलेला माणूस बोलतो ते खोटे ठरते आणि दिलेला शब्द मोडतो, असा त्या उत्तराचा आशय बुखारींनी नोंदवला आहे. मराठवाड्यात ‘सोयाबीन निघालं की देतो’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात खरेच असते. पाऊस ओढ देतो किंवा भाव पडतो, आणि त्याच वाक्याचे खोटे होते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले; तसल्या वर्षी कुणाचा शब्द टिकणार?

अरबी दुआ इथल्या कानाला फारशी परकी नाही. कर्ज, वसूल, बाकी, मुदत, जामीन, जप्ती, तगादा हे सारे शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आले. व्याज मात्र संस्कृत. त्याचा मूळ अर्थ निमित्त, बतावणी. म्हणून तर प्रेमाला निर्व्याज म्हणतात.

दुआबरोबर व्यवहाराचे नियमही आहेत. कुराणातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२वी, उधारीचा कागद कसा लिहावा आणि साक्षीदार कोण असावेत यावर आहे. त्याआधीची २८०वी आयत अडचणीतल्या ऋणकोला मुदत द्यायला सांगते. माफ करता आले तर अधिक चांगले. जकातीच्या, म्हणजे बंधनकारक दानाच्या आठ हकदारांत कर्जबाजारीही येतात. बिनव्याजी उसन्याला कर्ज-ए-हसना म्हणतात.

मृत्यूनंतरही बाकी सुटत नाही. वारसांच्या वाटण्या मयताचे कर्ज फिटल्यावरच होतात. एका ऋणको मयताच्या जनाज्याची नमाज पढवायला प्रेषितांनी नकार दिला. त्यांचे साथीदार अबू कतादा यांनी देणे अंगावर घेतले, तेव्हा ती झाली. जनाज्याच्या वेळी आजही अनेक ठिकाणी मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन सांगतो, मरहूमकडे कुणाचे काही येणे असेल तर माझ्याकडे या. मग नमाजाच्या सफा, म्हणजे रांगा, सरळ होतात.