बाटली जाते कुठे?

पुणे

ती. मावशीस,


इंटर्नशिपचे पाठ कसे चाललेत असं विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितेय. सहावीच्या वर्गावर मला कचऱ्याच्या पुनर्वापराचा पाठ घ्यायचाय. पाठ टाचणात उपक्रम म्हणून ‘टाकाऊतून टिकाऊ’ घे, असं मार्गदर्शकांनी सुचवलं. मी तो घेतला नाही. का, ते तुला सांगावंसं वाटतं.

शीतपेयाची रिकामी बाटली भंगारात विकली जाते. तिचे तुकडे करतात, धुतात, वितळवतात आणि त्यातून पॉलिएस्टरचा धागा काढतात. त्याच बाटलीला रंग, गोंद, टिकल्या लावून आपण फुलदाणी केली, की तिला भंगारात किंमत उरत नाही. प्रदर्शन उरकलं की ती कचरा डेपोत जाते. हस्तकला म्हणून मुलांनी ती जरूर करावी, पण तिला पर्यावरणाचा धडा म्हणणं मला पटत नाही.

त्याऐवजी मी वर्गात बादलीभर पाणी नेणार आहे. बाटलीचे आणि तिच्या झाकणाचे बारीक तुकडे त्यात टाकायचे. बाटलीचे तुकडे तळाशी जातात, झाकणाचे तरंगतात, कारण ती दोन वेगळी प्लास्टिकं आहेत. कारखान्यातही ती अशीच पाण्यात वेगळी करतात! मग वेफर्सचं पाकीट फाडून दाखवायचं. प्लास्टिकचे थर आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा, सगळं एकमेकांना इतकं घट्ट चिकटलेलं, की सुटं करणं परवडत नाही. म्हणून भंगारात त्याला कुणी विचारत नाही. इथवर आलं की ‘मग असलं पाकीट बनवतातच कशाला?’ असं एखादं पोर विचारेल, अशी मला आशा आहे. माझ्या दृष्टीनं पाठ तिथून सुरू होतो. बनवणाऱ्यांना काहीच न विचारता पृथ्वी वाचवायचा सगळा भार अकरा-बारा वर्षांच्या मुलांवर टाकणं अन्यायाचं आहे.

आणि हा कचरा वेगळा करतं कोण? आपल्या तक्त्यांवर गोल फिरणारे बाण असतात, माणूस नसतो. इथे पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या साथीनं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली. पुढे त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. त्यातल्या बहुतेक बायका. दारोदार कचरा गोळा करतात. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायचा, असं कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी सांगितलं. घरोघरी ते होत नाही, तेव्हा फुटक्या काचा आणि वापरलेली पॅड्स या बायकांना हातानं वेगळी करावी लागतात. मुलांना हे कळायलाच हवं.

इथेच मी अडलेय. वर्गातल्या एका मुलीची आई हेच काम करते. प्लास्टिक कसं ओळखायचं हे शिकवायला तिच्याहून जाणतं माणूस मला मिळणार नाही, आणि पाहुणी म्हणून तिला सन्मानानं बोलवावं असं फार वाटतं. पण मुलगी वर्गात आईच्या कामाविषयी बोलत नाही. आधी मुलीला एकटीला विचारू, की आईला जाऊन भेटू? की दुसऱ्याच वस्तीतल्या ताईंना बोलावू? जिल्हा परिषदेच्या शाळेत तू इतकी वर्षं काढलीस, असे प्रसंग तुझ्यासमोर आले असतील. पाठ पुढच्या आठवड्यात आहे, तेव्हा लवकर कळव.

काकांना नमस्कार.

तुझी भाची