शीर

माझ्या आईच्या पोटऱ्यांवर निळसर, गाठाळलेल्या, वेड्यावाकड्या रेषा कित्येक वर्षे आहेत. तिच्या लेखी त्या ‘शिरा’. पाय ठणकू लागले की “शिरेवर शीर चढली” असे निदान करावयाचे आणि तेल चोळावयाचे. गेल्या उन्हाळ्यात ती ओरत्तनाडूस माझ्याकडे राहावयास आली, तेव्हा तिच्या डाव्या घोट्याजवळची कातडी काळवंडून तेथे जखम चिघळलेली मला दिसली.

येथील वृद्ध डॉक्टरांनी पाय पाहिला आणि ते शांतपणे म्हणाले, “नरंबु सुरुट्टु, अम्मा.” पुढचे त्यांचे भराभर बोलणे मला उमगले नाही. माझे तमिळ कचेरीच्या खिडकीपुरतेच! नरंबु म्हणजे मज्जातंतू, एवढे मात्र पक्के ठाऊक होते. झाले! आता आईला अर्धांग होणार, असे ठरवून मी रात्रीच साताऱ्यास थोरल्या भावाला फोन केला. तिकडे रडारड झाली. इकडे मी आईला चार दिवस खुर्चीवरून हलू दिले नाही. पाय खाली लोंबत राहिले, सुजले, आणि जखम वाढली.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्यांनी आंब्याचे एक पान आणवून त्यावरच्या रेषांवर बोट फिरविले : हाही नरंबुच. नंतर समजले की, जुन्या तमिळ काव्यात याळ या वाद्याची तारसुद्धा नरंबुच असते. तमिळला हसण्याचा मला अधिकार नाही. आपली ‘शीर’ तरी काय वेगळी? पानाची, मज्जातंतूची, रक्तवाहिनीची, एवढेच काय, टाचेमागची धोंडशीरही तीच! सुश्रुताने सातशे शिरा मोजल्या. त्यांतल्या पित्त वाहणाऱ्यांना नीला म्हटले आणि रक्त वाहणाऱ्यांना रोहिणी. मराठी शरीरशास्त्राच्या पुस्तकांत तीच दोन नावे आज निराळ्या अर्थाने नांदतात : रोहिणी हृदयाकडून रक्त नेते, नीला ते परत आणते. पायातल्या नीलेला हे रक्त चढणीने न्यावे लागते. चालताना पोटरीचे स्नायू ते वर दाबतात आणि आतल्या लहान झडपा ते खाली येऊ देत नाहीत. झडपा निकामी झाल्या की रक्त साचते आणि नीला फुगून पीळ खाते. तमिळ ‘सुरुट्टु’त तो पीळ दिसतो, आमच्या ‘शिरेवर शीर’मध्ये नुसती ठणक.

दुसऱ्या सरफोजी राजांनी (१७९८–१८३२) मुक्तांबेच्या नावाने बांधलेले छत्र येथेच आहे. तंजावरच्या छत्रांत आजारी यात्रेकरूंसाठी वैद्य असत, असे राजांनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटास लिहिले होते. रामेश्वरास पायी निघालेल्या एखाद्या मराठी म्हातारीने तेथे “शीर” म्हणून पाय पुढे केला असेल, तर तमिळ वैद्याने काय बरे समजून घेतले असेल?

डॉक्टरांनी घट्ट पट्टी बांधावयास, चालावयास आणि निजताना पाय उंच ठेवावयास सांगितले. जखम भरण्यास दोन महिने लागले. मी आईला ‘नीला’ हा शब्द समजावून सांगितला, तेव्हा ती म्हणाली, “अरे, हे तर मुलीचे नाव!” आता संध्याकाळी ती पट्टी बांधून छत्रापर्यंत जाऊन येते, आणि वाटेत भेटणाऱ्या शेजारणींना पाय दाखवून सांगते, “नरंबु.”