पुसलेले गोंदण

कोणतीही विद्या गुरूवाचून शिकू नये, असे आम्ही वर्गात नित्य सांगत आलो. परंतु पन्नाशी उलटल्यावर संगणकावर छायाचित्रे दुरुस्त करण्याची विद्या आम्ही गुरूवाचूनच आरंभिली. निमित्त आईच्या एकुलत्या एका छायाचित्राचे. ओल लागून त्यावर जागोजाग ठिपके पडले होते. १९९५ साली बर्कलीच्या विद्यापीठातील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोघा विद्यार्थ्यांनी आरंभिलेली ‘गिम्प’ नावाची आज्ञावली फुकट मिळते, एवढे कळताच आम्हांला धीर आला. (प्राध्यापकाला ‘फुकट’ हा शब्द फार प्रिय!)

तिच्यातील ‘क्लोन’ नामक हत्याराने आम्हांला वेडच लावले. कंट्रोलची कळ दाबून स्वच्छ जागी टिचकी मारावी, आणि मग तेथलाच रंग डागावर लेपीत जावे, डाग नाहीसा! चार रात्री आम्ही ठिपक्यांच्या पाठीस लागलो होतो. मूळ चित्राची प्रत वेगळ्या थरावर घेऊन मगच हात चालवावा, हा पहिला धडा आम्ही अर्थातच गाळला होता.

छापलेले चित्र ताईच्या हाती दिले. तिने चष्मा पुसून ते पुन्हा पाहिले.

“अरे, आईचं गोंदण कुठं गेलं?”

हनुवटीवरचे ते तीन ठिपके आम्ही ओलीच्या खाती मांडले होते. आई गेली तेव्हा आम्ही सहा वर्षांचे होतो, ताई चौदाची.

मूळ छायाचित्र सुदैवाने पेटीत होते. आता काम नव्याने, वरच्या थरावर चालले आहे. ताई शेजारी खुर्ची घेऊन बसते, आणि प्रत्येक ठिपक्याला हात लावण्यापूर्वी आम्ही तिच्याकडे पाहतो.