दोन तबकड्या आणि तीन यंत्रें

आमच्या घराण्यांत गाण्याची आवड दोन भावांच्या वांट्याला आली, आणि दोघांनीं ती दोन निरनिराळ्या तऱ्हांनीं खर्च केली. आमचे वडील रेल्वेंत गार्ड होते. त्यांचें बिऱ्हाड दौंडास, रुळांपासून हांकेच्या अंतरावर. काका शिरूरास वकिली करीत. जुनीं माणसें शिरूरला अजूनहि घोडनदीच म्हणतात. ही घोड नदी पुढें भीमेला मिळते आणि भीमा दौंडावरून जाते. तेव्हां भूगोलाच्या दृष्टीनें काकांकडचें पाणी वडिलांकडे नित्य येत होतें. काकांकडची तबकडी मात्र कधीं आली नाहीं. ती उसनी मिळण्याचा संभव नाहीं हें ओळखून वडिलांनीं १९६८ सालीं पुण्याच्या एका दुकानांत, काकांच्या देखत, काकांनीं घेतलेल्या तबकडीचीच दुसरी प्रत विकत घेतली.

तबकडी किराणा घराण्याच्या एका थोर गवयाची होती. रागाचें नांव आम्ही मुद्दामच सांगत नाहीं. ज्याच्या घरीं जी तबकडी झिजली असेल तीच ही, असें त्यानें खुशाल समजावें. एका बाजूस सायंकाळच्या रागाचा विलंबित ख्याल व त्यालाच जोडून द्रुत. दुसऱ्या बाजूस सकाळचा राग. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी ही दीर्घ तबकडी अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें १९४८ सालीं प्रथम विकावयास काढली. त्यापूर्वीं ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर गवयाला तीन-साडेतीन मिनिटांत राग उरकावा लागे. नव्या तबकडीनें त्याला एका बाजूस वीस-बावीस मिनिटें दिलीं, म्हणजे निदान मांडी घालून बसावयास जागा दिली.

वडिलांचें यंत्र पेटीवजा होतें. झांकण उघडलें कीं त्या झांकणांतच स्पीकर. सुईचा दांडा जड, आणि सुई पांच-सहा ग्रॅम भारानें तबकडीवर बसे. नीलमण्याची सुई थोडक्याच तासांत झिजते, आणि झिजलेली सुई खांच नुसती वाचीत नाहीं, ती खांच खरवडीत जाते, हें ज्ञान आमच्या बिऱ्हाडीं कोणासच नव्हतें. मोडेपर्यंत सुई चांगली, हा आमचा सिद्धान्त. मालगाडी गेली म्हणजे सुई उडे. म्हणून वडिलांनीं भिंतींत लोखंडी कोन ठोकून त्यांवर फळी बसविली व पेटी तिच्यावर ठेविली. जमीन जितकी हादरते तितकी भिंत हादरत नाहीं, हें त्यांनीं कोणतेंहि पुस्तक न वाचतां शोधून काढलें. शेजारचे फायरमन, त्यांचीं मुलें, दळण घेऊन निघालेल्या बायका, सर्वांना त्या खोलींत मज्जाव नव्हता. सुई ठेवण्याचा मान तर पाळीपाळीनें आम्हां मुलांचा असे.

काकांकडे प्रकार वेगळा. त्यांचें यंत्र म्हणजे इंग्लंडांतील स्विंडन गांवीं तयार झालेलें गॅरर्ड ३०१. ही जात १९५४ सालीं बाजारांत आली. विलायतेहून परतलेल्या एका डॉक्टरांकडून तें काकांनीं घेतलें होतें, आणि त्यावर एस्. एम्. ई. कंपनीचा बारीक, तराजूच्या दांडीसारखा तोललेला बाहु होता. यंत्राखालीं शहाबादी फरशी, आणि फरशीखालीं अर्धवट हवा भरलेली सायकलची ट्यूब. हात धुवून, पुसून, मगच खोलींत यावयाचें, बोलावयाचें नाहीं, उठावयाचें नाहीं. सुईला मुलांचा हात लागूं नये म्हणून यंत्राला कुलूप. शिवाय वकिली बाण्यानें एक वही ठेविलेली होती. तींत प्रत्येक वादनाची तारीख, बाजू आणि सुईचे एकूण तास यांची नोंद. हिऱ्याची सुई झाली तरी तिचेहि तास मोजकेच असतात, असें काका म्हणत. आम्ही मुलें त्यांना मनांतल्या मनांत कंजूष म्हणत होतों, आणि वडिलांना राजा.

गेल्या वर्षीं काका वारले. त्यांना मूलबाळ नव्हतें. तबकड्या आणि यंत्र आमच्याकडे सोंपविण्याचा काकूंचा विचार असल्यामुळें आम्ही शिरूरास गेलों. बरोबर आमची दौंडची प्रत घेतली आणि वडिलांची पेटीहि घेतली. पुतण्या पुण्याहून आपलें नवें टेक्निक्स यंत्र घेऊन आला. हें एस्. एल्. १२०० घराण्यांतलें. १९७२ सालीं निघालेली ही जात २०१० सालीं बंद झाली होती; परंतु तबकड्यांचे दिवस फिरून आले, आणि २०१६ सालीं कंपनीनें ती पुन्हां काढली. एवंच, एका खोलींत तीन यंत्रें व एकाच गाण्याच्या दोन प्रती अशी दुर्मिळ सामग्री जमली. परीक्षेला याहून काय पाहिजे?

तबकडी फिरविणें हें काम दिसावयास क्षुद्र दिसतें. कुंभाराचें चाकहि फिरतें. मग लाख लाख रुपये कशास मोजावे? अडचण अशी कीं, खांचेंतील ज्या हालचाली सुईनें वाचावयाच्या त्या केसाहूनहि कितीतरी बारीक असतात. आणि गवयाचा आवाज कोणता व मोटरीची घरघर कोणती, हा विवेक सुईला नसतो. जें हालेल तें ती गाणें समजून पुढें पाठविते. म्हणून उत्तम यंत्राचा गुण हाच कीं, त्यानें सारख्या वेगानें फिरावें आणि स्वतः कांहीं बोलूं नये. हें मौन साधण्याचे तीन पंथ आहेत. गॅरर्डांत मोटरीचा दांडा एका रबरी चाकाला फिरवितो व तें चाक थाळीला आंतून रेटतें. जोर पुष्कळ, पण मोटरीचा कंप थाळीपर्यंत पोंचण्याची धास्ती. दुसरा पंथ पट्ट्याचा. ग्लासगोच्या लिन कंपनीचें १९७२ सालचें एल्. पी. १२ हें त्याचें नामांकित उदाहरण. त्यांत थाळी व बाहु हीं दोन्हीं तीन स्प्रिंगांवर तरंगत ठेविलेलीं असतात, आणि मोटर दूर राहून लवचीक पट्ट्यानें थाळी ओढते. तिसऱ्या पंथांत मध्यस्थच नाहीं; मोटरीचा कणा तोच थाळीचा कणा. जपानी टेक्निक्सनें हा मार्ग १९७० च्या सुमारास रूढ केला, आणि पुढें स्फटिकाच्या आंदोलनांवरून वेग पारखण्याची युक्ति त्याला जोडली.

परीक्षा न्याय्य व्हावी म्हणून पुतण्यानें एकच सुई दोन्ही यंत्रांवर आळीपाळीनें लावण्याचें ठरविलें, एस्. एम्. ई. व टेक्निक्स यांच्या बाहूंचें तोंड एकाच मापाचें असल्यामुळें तें साधतें. काकांची प्रत लाविली गेली. आम्हांला डोळे मिटावयास सांगण्यांत आलें. दोनदां ऐकून आम्हीं छातीठोकपणें निकाल दिला कीं, पहिलें यंत्र जपानी, दुसरें विलायती. पहिल्याचा स्वर स्वच्छ पण कोरडा, दुसऱ्यांत ओलावा आहे. पुतण्या नम्रपणें म्हणाला, "काका, दोन्ही वेळां गॅरर्डच होतं." काकू पदर तोंडाला लावून हंसल्या. श्रीमंत यंत्रांविषयीं लिहिणारे पुष्कळ पंडित असल्या परीक्षेला कां बसत नाहींत, तें आम्हांला त्या क्षणीं कळलें.

तथापि भेद मुळींच नाहीं असेंहि नव्हे. पुढें शांतपणें ऐकतां टेक्निक्सवर तंबोऱ्याचा षड्ज रेघ ओढल्यासारखा सरळ राहिला. दोन ताना सुटतात त्या मधल्या जागेंत खरोखरच शांतता होती. गॅरर्डवर त्याच जागीं दूरच्या जात्यासारखी अत्यंत मंद घरघर होती. परंतु डग्ग्याचा घाव जसा मांडीवर बसावा तसा बसे. कोणतें श्रेष्ठ, यावर घरांत मतें पडलीं, आणि समान पडलीं. वडिलांच्या पेटीवर तीच तबकडी लाविली असती तर भेद आंधळ्यालाहि दिसला असता. परंतु त्या जड दांड्याखालीं काकांची प्रत ठेवण्याचें धैर्य आम्हांला झालें नाहीं. आमच्या अनुभवाचें सार एवढेंच कीं, पेटीकडून बऱ्या यंत्राकडे जाणें म्हणजे अंधारांतून उजेडांत येणें होय. आणि बऱ्याकडून बहुमोलाकडे जाणें म्हणजे सकाळचे आठ वाजले असतां साडेआठची वाट पाहणें होय. नवी सुई, समपातळींत बसविलेली थाळी, धुवून स्वच्छ केलेली तबकडी आणि खालीं स्थिर दगड, एवढें ज्यानें केलें त्यानें पुढील पैसा आपल्या हौसेसाठीं खर्चावा. त्याला गरज म्हणूं नये.

मग आम्हीं दौंडची प्रत टेक्निक्सवर लाविली. खरी परीक्षा येथें झाली, आणि ती यंत्राची नव्हती. विलंबित जेमतेम ठीक होतें. द्रुत सुरू झालें मात्र, आणि गवयाचा आवाज वाळूंतून ओढल्यासारखा फाटूं लागला. द्रुत हें तबकडीच्या आंतल्या अंगाला येतें. बाहेरच्या कडेशीं सेकंदाला सुमारें ५० सेंटिमीटर खांच सुईखालून जाते. आंत येतां येतां ती २० सेंटिमीटरांवर येते. म्हणजे ताना जेथें सर्वांत दाट, तेथेंच त्यांना जागा सर्वांत अपुरी. तेथें झिजलेल्या सुईनें वर्षानुवर्षें खरवडलें असतां काय उरणार? वडिलांच्या पेटीवर हा फाटका आवाज आम्हांला कधीं जाणवला नव्हता. पेटीचा आवाजच तसा आहे, असें आम्ही समजत आलों होतों. उत्तम यंत्रानें आमचा हा गोड गैरसमज काढून घेतला. दुसरी बाजू लाविली, तर ती जवळजवळ कोरी! ती आमच्या घरीं कोणी वाजवीतच नसे. प्रेम केलें त्या बाजूचा नाश झाला, आणि उपेक्षिली ती बाजू सुरक्षित राहिली.

तबकडी उजेडांत तिरपी धरली. द्रुताच्या आरंभाशीं एक करडा पट्टा, आणि त्यावर सुई टेकविल्याचे अनेक ठिपके. दौंडास परतल्यावर आम्हीं आईला तो दाखविला. आईचें वय आतां नव्वदीला टेकलें आहे. ती म्हणाली, "कॉलबॉय येऊन गेला, डबा भरून झाला, कीं निघायच्या आधी पांच मिनिटं उरायची. तेवढ्यांत सगळं काय ऐकणार? ते सुई तिथंच ठेवायचे." म्हणजे तो पट्टा निष्काळजीपणाचा नव्हता, तें मालगाड्यांचें वेळापत्रक होतें.

इकडे काकांच्या वहींत त्या बाजूचीं एकंदर ६१ वादनें नोंदलेलीं आहेत. आम्हांला या प्रसंगीं केसरबाई केरकरांच्या भैरवीची आठवण झाली. १९७७ सालीं व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अमेरिकेंतून सुटलीं, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडींत ती भैरवी गेली आहे. आणि शहाण्या माणसांनीं बरोबर सुईहि पाठविली आहे. ती तबकडी युगानुयुगें झिजणार नाहीं, कारण ती कोणी वाजवीतच नाहीं. ही व्यवस्था काकांना फार पसंत पडली असती. परंतु काकांनाच कंजूष म्हणणारे आम्ही, त्या दुपारीं शिरूरास बसून द्रुताची प्रत्येक तान अखंड ऐकत होतों, ती कोणाच्या कृपेनें? आणि ती ऐकण्यासाठीं आमचा जीव कासावीस व्हावा, ही गोडी तरी आम्हांला कोणी लाविली? काकांच्या कुलपाबंद खोलींत ती खात्रीनें लागली नसती.

शिरूरहून निघतांना आम्हीं काकूंना विचारलें कीं, यंत्र न्यावें कीं येथेंच जपून ठेवावें? त्या म्हणाल्या, "त्यांनीं जपलं. आतां तुम्ही वाजवा. पण सुई बदला हो."

दौंडास भिंतीवरच्या जुन्या फळीला हा भार पेलण्यासारखा नव्हता. लोहाराकडून जाड कोन करून आणिले, त्यांवर काकांची फरशी ठेविली, फरशीवर गॅरर्ड. सायंकाळीं घरचीं व शेजारचीं माणसें जमलीं. हात धुण्याचा नियम आम्हीं ठेविला. न बोलण्याचा सोडून दिला. नातवानें सुई ठेविली, ती अगदीं कडेशीं, विलंबिताच्या आरंभीं. आईला द्रुत लवकर हवें होतें; तरी ती थांबली. मध्यें एक मालगाडी गेली. कपाटांतील भांडीं वाजलीं, सुई हालली नाहीं.

गाणें संपल्यावर आम्हीं काकांची वही उघडली आणि ६२ वी नोंद केली. तारीख, बाजू, सुईचे तास, हीं घरें काकांनीं आंखलेलींच होतीं. ऐकणारांचें घर मात्र वहींत नव्हतें. तें आम्हीं पट्टीनें नवें आंखलें, आणि त्यांत लिहिलें: अकरा.