जमिनीखालची ऊब

कोरियात हिवाळा कडाक्याचा. पण तिथल्या जुन्या खेड्यातल्या घरात जोडे काढून पाऊल टाकावे, तो तळव्यांना ऊब लागते! खोलीत शेगडी नाही, धूर नाही. मग ही ऊब येते कोठून?

सारी युक्ती जमिनीखाली. स्वयंपाकघर खोलीपेक्षा खोलगट ठेवतात. तिथे चूल पेटली, की जाळ आणि धूर खोलीखालच्या चरांतून सरकत पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतात. चरांवर सपाट दगड, दगडांवर मातीचे लिंपण, त्यावर तेल पाजलेला जाड कागद. एकाच जळणात भातही शिजतो आणि दगडही तापतात. चूल विझली तरी ते बराच वेळ ऊब धरून राहतात. या रचनेला ‘ओंडोल’ म्हणतात. चुलीकडची जागा सर्वांत उबदार. तिथे मान वडीलधाऱ्यांचा नि पाहुण्यांचा.

मात्र लिंपणाला तडा गेला, की घात! १९५० च्या दशकापासून लाकडाऐवजी कोळशाच्या भोके पाडलेल्या वड्या जाळू लागले. त्यांच्या वास नसलेल्या विषारी वायूने कित्येकांना झोपेतच गाठले. पुढे चरांच्या जागी नळ आले. आता त्यांतून बॉयलरचे गरम पाणी खेळते. २०१८ साली दक्षिण कोरियाने ओंडोलला राष्ट्रीय वारशाचा मान दिला.

आपल्याकडेही थंडीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी उशाशी ठेवतात. तो वायू इथेही तोच. म्हणून निजण्यापूर्वी शेगडी अंगणात ठेवावी, आणि मगच पांघरूण घ्यावे.